मंडई कालच झाली

बाबा हिशेबाचे पक्के. नोकरीची सगळी वर्षं हिशेबाच्या टेबलावर गेली, त्यामुळे त्यांनी "भाऊबीजेनंतर तिसरा दिवस" म्हटलं की आमच्या घरात कोणी कॅलेंडर बघत नाही. त्यांच्या गावची मंडई त्याच दिवशी भरते, त्यांच्या जन्माआधीपासून भरते, आणि यंदा नातीला ती दाखवायचीच हे त्यांनी दसऱ्यापासून लावून धरलं होतं. गावात आता आमचं कोणी नाही. घर विकलं, बांध्या विकल्या. तेव्हा पहाटे निघायचं, मंडई बघायची आणि रात्री जेवायला नागपुरात परत, एवढाच बेत.

मंडई म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला भाजी आठवते, म्हणून सांगते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा पट्टा मिळून झाडीपट्टी. इथे दिवाळी झाली की गावोगाव जत्रा भरते, ती मंडई. आज या गावाची, उद्या त्या. हलका धान घरात आलेला असतो, भारी धान कापणीला आलेला असतो, हातात चार पैसे असतात. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, पोरापोरींची बघाबघी उरकते. दिवसा दंडार, म्हणजे टिपऱ्यांचा नाच, आणि खडी गंमत, म्हणजे शाहिरांचे उभ्याने चालणारे सवाल-जबाब, रात्री नाटक. नाटकांचा हंगाम इथून सुरू होतो तो थेट होळीपर्यंत. कंपन्यांचं ठाणं वडशाला, म्हणजे सरकारी कागदावरच्या देसाईगंजला. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामाबद्दल, आणि त्या दिवशी बाबांनी कॉलनीत पेढे वाटले होते. खुण्यांशी आमची ओळख नाही, नातं नाही. पण झाडीपट्टीचा माणूस, बस्स.

साडेपाचला निघालो. भंडाऱ्याला वैनगंगेच्या पुलावर इतकं धुकं होतं की नदी आहे हे बाबांच्या शब्दावर मानून घ्यावं लागलं. लाखनी ओलांडल्यावर ऊन आलं आणि दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या दिसू लागल्या. काही पिवळ्या, काही कापलेल्या, काहींत भारे गोळा करून पुंजणे रचलेले. मागच्या सीटवर कानात गाणी घालून बसलेल्या लेकीला बाबा एकेक शब्द शिकवत होते. शेताच्या तुकड्याला बांधी म्हणायचं, तिच्या काठाला धुरा, रचलेल्या ढिगाला पुंजणा. ती "हूं" म्हणत होती. तिला या सगळ्यातून एक रील हवी होती, हे तिने प्रामाणिकपणे आदल्या रात्रीच सांगून टाकलं होतं.

नऊच्या सुमारास गावात शिरलो आणि बाबा गप्प झाले.

शाळेसमोरच्या मैदानात कागदी प्लेटा, द्रोण, उसाची चिपाडं. आकाशपाळणा सोडवून त्याचे दांडे ट्रॅक्टरवर चढवणं चाललं होतं. नाटकाचा मंडप अर्धा उतरलेला. एक बाई आपल्या दारापुढचा कचरा झाडून मैदानाकडेच ढकलत होती. बाबांनी काच खाली करून विचारलं.

"मंडई त काल झाली जी."

"काल? तिसरा दिवस तर आज आहे."

"हव, पन नाटकवाल्याईची तारीख कालचीच भेटली. आजची त दुसऱ्या गावानं धरून ठेवली होती."

म्हणजे गाजलेली कंपनी हवी असेल तर मंडईनेच सरकायचं. बाबा गाडीतून उतरले, विजेच्या खांबाला बांधलेला बॅनर वाचत उभे राहिले. बॅनरवर आठ-दहा चेहरे, अर्धे रडके, अर्धे संतापलेले, वर लाल अक्षरांत नाटकाचं नाव. खुर्चीचा दर वेगळा, जमिनीवर बसायचा वेगळा. आणि सगळ्यात खाली, वाकून वाचावी लागेल अशी एक ओळ: दिवसा दंडार व खडी गंमत. ना कोणाचं नाव, ना फोटो. "पूर्वी पंचांग भटजींकडे असायचं," बाबा म्हणाले. "आता वडशाला असतं."

मला हसू आलं, त्यांना नाही.

झाडणाऱ्या बाईने तोवर बाबांकडे नीट पाहून घेतलं होतं. "तुमी मास्तरच्या घरचे का जी?" माझे आजोबा शाळामास्तर होते. मग चहा झाला, करंज्या झाल्या, कोण गेलं कोण राहिलं याची मोजदाद झाली. ती मी इथे देत नाही, कारण मला त्यातलं निम्मं कळलं नाही आणि उरलेलं घरातलं आहे. झाडीबोलीत ळ चा र होतो. डोळा म्हणजे डोरा, काळा म्हणजे कारा. बाबा नागपुरात कधी असं बोलत नाहीत. तिथे ओसरीवर बसल्यावर दहा मिनिटांत त्यांचे सगळे ळ गळून पडले.

आलोच आहोत तर तलाव बघू, म्हणून पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर गेलो. मंडई चुकली नसती तर हा तलाव मी पाहिला नसता, हे मात्र खरं.

असे जुने तलाव पूर्व विदर्भात सात हजारांच्या आसपास आहेत. सरकारी भाषेत माजी मालगुजारी तलाव, म्हणून लोकांच्या तोंडी मामा तलाव. मामाचा यात काही संबंध नाही. चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमिनी दिल्या, कोहळी समाजाच्या लोकांनी ते बांधले, असं इथला इतिहास सांगतो. मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्यांची जमीनदारी, गेली ती १९५० च्या कायद्याने. तलाव सरकारजमा झाले. गाळ मात्र कोणाकडेच जमा झाला नाही, तो तिथेच राहिला.

पाळीच्या मध्यावर बाबांनी मला तुडूम दाखवला. तोपर्यंत मी हा शब्द फक्त त्यांच्या तोंडून, तोही चिडल्यावर ऐकला होता ("तोंड आहे की तुडूम?"). दगडी बांधणीत एकाखाली एक भोकं, त्यांना लाकडी बुच. पाणी खाली गेलं की खालचं बुच काढायचं आणि पाणी पाटाने बांध्यांत सोडायचं. वरच्या भोकाची कड बोटाने चाचपली तर काचेसारखी गुळगुळीत. किती वर्षांचं पाणी त्यातून गेलं असेल. त्याच्या शेजारी कोणीतरी तंबाखूची पुडी खोचून ठेवली होती.

खालच्या अंगाला एक ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातले, गृहस्थ कमरेइतक्या पाण्यात जाळं सोडवत होते. त्यांच्या पलीकडे कमळाच्या पानांवरून लांब बोटांचा कमळपक्षी टाकटाक चालत होता आणि मधूनच अडई बदकांचा थवा शीळ घालत उठून पुन्हा तिथेच बसत होता. लेकीने कानातलं काढलं. "हे बदक शिट्टी वाजवतं?" बाबा म्हणाले, "त्याचं इंग्रजी नावही शिट्टीवालं बदक असंच आहे."

मासेमारी कशी आहे विचारल्यावर त्या मामाजींनी हाताने तलावाचा पश्चिम कोपरा दाखवला. तिथे बेशरमची झुडपं माजली होती, जांभळ्या फुलांची, दिसायला देखणी. "ते फोटोले चांगले, मासोळीले वाईट," ते म्हणाले. बेशरम आली की देवधान जातो, म्हणजे तलावात आपोआप उगवणारं रानटी भात. देवधान गेला की त्यात अंडी घालणारी मासोळी जाते आणि त्यावर चरणारं पाखरूही. अर्जुनी मोरगावकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या बायांना, माणसांना बरोबर घेऊन बेशरम उपटून पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत, हे मी वाचलं होतं. यांनी ते जाऊन पाहिलं होतं. वाचणं आणि पाहणं यातला फरक असा की त्यांनी मला सगळ्यात आधी ते उपटताना हाताला येणारी खाज सांगितली.

सारसाबद्दल मीच विचारलं. "लहानपनी जोडी यायची बांधीत. आता गोंदियाकडं." तिकडेही किती? जूनमध्ये मोजणी होते, अलीकडच्या वर्षांत गोंदिया जिल्ह्याचा आकडा तिसाच्या आसपास फिरतो आहे. महाराष्ट्रातले जवळजवळ सगळे सारस म्हणजे तेवढेच.

आणि मग निघता निघता, जाळं खांद्यावर टाकत ते म्हणाले, "मंडई पाहाची होती का? मंग नवेगावच्या अंगाला आज आहे ना. माझा साळा दंडारीत आहे." गावाचं नाव सांगितलं, रस्ता सांगितला, आणि फोनवरच्या नकाशावर विसंबू नका हेही सांगितलं. आम्ही विसंबलो. चाळीस मिनिटं गेली, त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही.

वाटेत नवेगावबांध. इथे सुट्टीची गर्दी होती, म्हणून तासाभरात आटोपतं घेतलं. पण तलाव तलाव आहे! अकरा चौरस किलोमीटरच्या आसपास पाणी आणि भोवती डोंगर. कोलू पाटील कोहळी यांनी हा बांधला. आसपासच्या टेकड्या म्हणजे सात बहिणी, पाळ बांधायला त्यांनी कोलूला हात दिला अशी गोष्ट आहे, आणि तो स्वतः आता कोलासूर देव झाला आहे. तलाव बांधणाऱ्या माणसाचा देव करणारा हा मुलूख. लेक म्हणाली, "इंजिनिअरचं देऊळ!" यावर बाबा इतके खूश झाले की तिला दोन कुल्फ्या मिळाल्या.

मंडईच्या गावी पोचलो तेव्हा दीड वाजला होता. गाडी एका कापलेल्या बांधीत लावली. पायाखाली धानाचे खुंट टोचत होते. पुढे दुतर्फा दुकानं: जिलबीचे थाळे, आलूबोंडे, उकडलेले शिंगाडे, उसाच्या मोळ्या, बांगड्या, प्लास्टिकची ट्रॅक्टरं. नव्या साड्या, नवे शर्ट, आणि नव्या चपलांनी लंगडणारी पोरं. एका बाकावर दोन कुटुंबं समोरासमोर फार सभ्यपणे बसली होती आणि मध्ये एक मुलगी मान खाली घालून शिंगाडे सोलत होती. बाबांनी डोळ्यानेच मला दाखवलं. "बघाबघी."

तेवढ्यात डफडी वाजली आणि गर्दी बाजूला झाली. उंच बांबूची ढाल, वर मोरपिसांचा झुपका, आणि तिच्याभोवती नाचत येणारी गोवारी माणसं. एकजण दोहा म्हणायचा, बाकीचे आरोळी द्यायचे, मग पुन्हा डफडी. गाईगोधनाला, पाडव्याच्या दिवशी, हीच माणसं गावाची गुरं सजवून काढतात. वर्षभर ती चारायलाही पूर्वी तीच न्यायची.

"गोवारी म्हणजे आपल्या सीताबर्डीच्या पुलाचं नाव ना?" लेकीने विचारलं.

नागपुरात जन्मलेल्या पोरीला हा शब्द उड्डाणपुलाच्या पाटीवरून माहीत. बाबांनी तिला तिथेच, त्या गोंगाटात सांगितलं. २३ नोव्हेंबर १९९४. अधिवेशन चालू होतं, गोवारी मोर्चा आला होता, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. बायका आणि लहान मुलंही त्यात होती. "मी त्या दिवशी ऑफिसातून सायकलने घरी आलो. रस्त्यावर चपला होत्या," एवढंच बोलून ते थांबले. ढाल आमच्या समोरून पुढे गेली. लेकीने मोबाइल हातात धरला होता, चालू केला नाही.

खडी गंमत पिंपळाखाली चालली होती. नावाप्रमाणे सगळं उभ्याने. दोन शाहीर, एक कलगीचा, एक तुऱ्याचा. तुरेवाला शिव मोठा म्हणणार, कलगीवाला शक्ती मोठी म्हणणार, आणि हा वाद पिढ्यान् पिढ्या मिटलेला नाही, मिटावा अशी कोणाची इच्छाही नाही. शाहिराचा एक हात कानावर, दुसऱ्या बाजूला डफ, मागे तुणतुणं, टाळ आणि ढोलकी. सवाल पुराणातून सुरू झाला, जबाब फिरत फिरत हुंड्यावर आणि दारूवर आला. समोर दोघे-तिघे दारू पिऊनच बसले होते, त्यांनीच सगळ्यात जोरात टाळ्या दिल्या.

मधेच गाणं थांबतं आणि शाहीर बक्षिसं पुकारतो. अमक्या पाटलांकडून पन्नास रुपये, तमक्या जावईबापूंकडून वीस. आधी मला हे रसभंग करणारं वाटलं. पण तिकीट नाही, पोस्टरवर नाव नाही, तर कलाकाराने जगायचं कशावर? आणि लोकांना आपलं नाव त्या डफावर ऐकायचं असतंच. बाबांनी शंभराची नोट पुढे केली. नाव विचारलं, गाव विचारलं. बाबांनी नागपूर सांगितलं नाही. शाहिराने डफावर थाप मारून त्यांचं नाव घेतलं आणि त्यांच्या त्या गावचे पाव्हणे म्हणून पुकारलं, जिथे आता आमच्या नावावर वीतभर जमीन नाही. बाबा लगेच खिशात रुमाल शोधायला लागले.

दंडार सुरू व्हायला वेळ होता, म्हणून आम्ही शाळेच्या मागे गेलो. तिथे तयारी चालली होती. तणस पेटवून त्याच्या धगीवर एक म्हातारा डफ शेकत होता. दुपारच्या उन्हातही? "कातडं रात्रीचं दव पेलं आहे," तो म्हणाला. एकदा धगीवर धरायचा, फिरवायचा, बोटाने टिचकी मारून कान लावायचा, पुन्हा धरायचा. सहाव्या-सातव्या वेळी आवाज एकदम बदलला, भद्द होता तो टणक झाला. मलासुद्धा कळला इतका स्पष्ट. त्याने डफ खाली ठेवला आणि आगीवर पाय दिला.

भिंतीला टेकून एकजण नाच्याची रंगभूषा करत होता. चाळिशीचा, रापलेला माणूस, मोबाइलचा पुढचा कॅमेरा हाच आरसा. मामाजींचा साळा तो हाच. पावडर, लिपस्टिक, मग टिकली दातात धरून केस सारखे केले, मग टिकली. लुगडं मात्र तो फार जपून नेसत होता. जांभळं, जरीकाठी, घडीच्या रेषा अजून उमटलेल्या. निऱ्या खोचून झाल्यावर काठ जमिनीला लागतोय का ते दोनदा वाकून पाहिलं, आणि लागत होता म्हणून निऱ्या आणखी वर ओढल्या. घुंगरांचा पट्टा बांधायला मात्र त्याने खाली पाहिलंही नाही.

दंडारीत बारा-चौदा माणसं. हातात टिपऱ्या, आधी गण, मग गवळण. सगळे याच गावचे. पंधरा दिवस रात्री जेवणं झाल्यावर तालीम केलेली. कोणी चुकला की बघणाऱ्यांतलीच एखादी बाई ओरडून पाऊल सुधारायची. नाच्या रिंगणात आला आणि मघाचा तो भिंतीला टेकलेला माणूस कुठे गेला ते कळलं नाही. मान, मनगट, नजर, सगळं दुसऱ्याच कोणाचं. लेक पुढे जाऊन मातीत मांडी घालून बसली होती. रात्रीच्या नाटकाच्या मंडपात तेव्हाच साउंड तपासणं सुरू झालं आणि "हॅलो, माइक चेक"च्या खाली ढोलकी बुडाली. दंडारवाले थांबले नाहीत. जवळ सरकले, रिंगण लहान केलं आणि टिपऱ्या जोरात वाजवायला लागले. माझ्या मते त्यानंतरची दहा मिनिटं दिवसातली सगळ्यात चांगली होती. कारण आता ऐकू येत नव्हतं म्हणून बघणारेही जवळ सरकले होते, आणि टिपरीला टिपरी लागताना उडणारी लाकडाची धूळ दिसत होती.

साडेपाचला आम्ही निघालो. नाटकासाठी थांबावं अशी बाबांची फार इच्छा होती, पण ते रात्री दहाला सुरू होऊन उजाडेपर्यंत चालतं आणि मला दुसऱ्या दिवशी काम होतं. गावाबाहेर एका माणसाने हात केला. तोंड धुतलेलं, पण कानाच्या मागे पावडर राहिलेली. त्याला फाट्यापर्यंत जायचं होतं, सासरी. पिशवी मांडीवर घेऊन मागे बसला. दर खड्ड्याला पिशवीत घुंगरं वाजायची. सकाळी थ्रेशर ठरलाय, भारे टाकायला जायचंय, म्हणाला. नाटकात का नाही गेलात, बाबांनी विचारलं. "तिकडं लगीत दिवस घर सोडा लागते जी." एवढंच.

फाटा जवळ आल्यावर तो लेकीकडे वळला. "पोरी, व्हिडिओ काढला का?"

"हव," लेक म्हणाली. दिवसभरात तिच्या तोंडून आलेला हा पहिला 'हव'.

"टाक मंग कोटी टाकाचा त. पन लुगडा दिसू नोको देऊ."

"का हो?"

"मंडळीचा आहे. मंडईसाठी घेतला होता. तिनं नेसलाच नाई अजून, अन् मी तिले सांगतला नाई."

तो उतरला, बाबांना वाकून रामराम केला आणि अंधारात घुंगरं वाजवत गेला. लेक मागे व्हिडिओ पुढे-मागे करत बसली. कोहमारा आलं तरी तिचं चाललंच होतं.

"आई," ती शेवटी म्हणाली, "मी खाली बसले होते ना. अकरा मिनिटं आहेत. अकराही मिनिटं लुगडंच आहे गं."